पांढरा गालिचा आणि काळी माती

प्रश्न : नेवासे तालुक्यात आमचं नवीन घर आहे. बैठकीत पांढरा गालिचा टाकायची हौस आहे. पण दारातच काळी माती, घरात दोन शाळकरी मुलं. निभेल का?

उत्तर : ताई, हौस करा, फक्त पांढराशुभ्र, लांब केसांचा गालिचा दुकानातच राहू द्या. पहिल्याच पावसात ओली काळी माती त्याच्या मुळाशी जाऊन बसेल.

मी तुमच्या जागी असते तर पांढरट घोंगडीच घेतली असती. तुमच्याच जिल्ह्यात, पारनेर-संगमनेरकडे, धनगर दख्खनी मेंढ्या राखतात. त्या लोकरीचा पांढरा कधीच एकसारखा नसतो, मधूनच करडा केस डोकावतो. त्यातच डाग लपतात! चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी ताठ असते, वापरून मऊ होते. टोचते मात्र, रांगतं मूल असेल तर जाड सुती सतरंजी बरी.

फरशी शहाबादी असेल तर पांढरा रंग खुलतो. पांढऱ्या टाइल्सवर तो हरवतो. तिथे काळ्या किनारीची घ्या. सोफ्याचे पुढचे पाय तरी वर यावेत, नुसत्या टीपॉयखाली पुरेल एवढा तुकडा केविलवाणा दिसतो.

चहा सांडला तर कोरड्या सुती कापडाने टिपा, घासू नका. लोकरीला गरम पाणी आणि ब्लीच वर्ज्य. कसर लागू नये म्हणून अधूनमधून झटकून ऊन दाखवा. आणि पायपुसणं दाराबाहेर एक, आत एक.