व्यसनमुक्ती आणि घरची उधारी

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा संबंध बिलाच्या खिडकीशी. मद्यपी रुग्णाचे बिल भरावयास बहुधा पत्नी वा आई येते. गुत्त्याची उधारीही तिनेच चुकती केलेली असते आणि गैरहजेरीबद्दल 'ताप आला आहे' हा निरोपही तिनेच कार्यालयात धाडलेला असतो. आमच्या मातोश्रींनी माझ्या थोरल्या बंधूंसाठी हेच केले, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. हे सारे मायेपोटीच. परंतु त्यामुळे व्यसनाचा खर्च व्यसनी माणसाच्या नावे कधी पडतच नाही. जेवण व औषध यांत हात आखडता घेऊ नये. उधारी मात्र ज्याची त्यानेच फेडावी.

दुसरी चूक प्राणघातक ठरू शकते. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्यास शपथ घालून वा खोलीत कोंडून एकाएकी दारू सोडावयास लावू नये. हातांना कंप सुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. म्हणून दारू तोडावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे व 'ब-१' जीवनसत्त्व देऊनच.

व्यसनी व्यक्तींच्या नातलगांसाठी अमेरिकेत १९५१ साली 'अल्-अ‍ॅनॉन' स्थापन झाली. तिच्या सभा भारतातही भरतात. तेथे पतीस सुधारण्याची युक्ती सांगत नाहीत. आपण कसे सावरावे, हे समदुःखी मंडळी एकमेकांस सांगतात. पुण्याच्या 'मुक्तांगण' केंद्रातही (स्थापना १९८६) कुटुंबीयांचे समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला जातो. आमच्या मातोश्रींना यांतले काहीच ठाऊक नव्हते. शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे; रुग्ण तयार नसला तरी घरच्यांनी तेथे विचारणा करावी.