इंटरनेटच्या वेगाचे माप : तक्रारीपूर्वी मोजणी



कापडाच्या धंद्यात माणूस सर्वप्रथम मोजायला शिकतो. ताक्याची लांबी, पन्ना व वजन पाहिल्याखेरीज आपण माल उतरवून घेत नाही. मात्र दरमहा पैसे देऊन आपण जे इंटरनेट घेतो, त्याचे माप घेणे आपल्यापैकी फार थोड्यांना येते. आज नमुन्यांचे फोटो, ऑर्डर, ई-वे बिल व जीएसटीचे विवरणपत्र हे सारे बहुधा घरच्याच जोडणीवरून होते. म्हणून हे माप प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आम्ही घरी १०० एमबीपीएसची जोडणी घेतली होती. मोबाईलवर चाचणी केली तेव्हा आकडा २५ च्या आसपास आला. आम्ही जोडणी देणाऱ्या केबलवाल्याला चार लोकांसमोर ‘मापात खोट आहे’ असे सुनावले आणि त्याचे बिल अडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचा कारागीर लॅपटॉप घेऊन आला. त्याने राउटरला थेट वायर जोडली आणि आकडा आला ९४. आमचा राउटर लोखंडी कपाटामागे होता व आम्ही दोन भिंतींपलीकडे बसून माप घेत होतो. माल पूर्ण आला होता, गळती आमच्या घरात होती. बिल दिले आणि त्याच चार लोकांसमोर माफी मागितली.

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनमध्ये कठोर इशारा आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु खातरजमा न करता दुसऱ्यावर तोहमत ठेवणे हाही जुलूमच आहे. म्हणून आधी मोजणी आणि मग तक्रार.

चाचणीतील आकडे

स्पीडटेस्टसारख्या साधनांवर चाचणी केली की मुख्यत: चार आकडे मिळतात.

डाउनलोड म्हणजे आवक. व्हिडिओ पाहणे, फाईल उतरवून घेणे यावर अवलंबून असते.

अपलोड म्हणजे जावक. ग्राहकाला डिझाईन किंवा मालाचा व्हिडिओ पाठवायचा असेल, तर हाच आकडा कामाचा. अनेक योजनांत आवक जास्त व जावक कमी असते. जाहिरातीत मात्र आवकेचाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात. जोडणी घेण्यापूर्वी जावक किती, हे अवश्य विचारावे.

पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्यास लागलेला वेळ. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. हा आकडा जितका लहान तितका चांगला. गल्ली कितीही रुंद असली तरी हमालाला जाऊन येण्यास वेळ लागतोच. पिंग हा तो वेळ आहे.

जिटर म्हणजे या वेळेतील चढउतार. व्हिडिओ कॉलवर ग्राहकाचा आवाज तुटतो, चित्र थबकते, तेव्हा डाउनलोड उत्तम असूनही जिटर वाढलेला असू शकतो.

बिट आणि बाईट

येथे अनेकांचा हिशेब चुकतो. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये असतो. ८ बिट मिळून १ बाईट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट माल येतो. जुन्या मापात गजाला सोळा गिरह असत; गिरहचा आकडा ऐकून गजाचा माल मागणाऱ्याची जी फसगत होईल, तीच येथे होते.

उदाहरण घ्या. ५०० मेगाबाईटचा व्हिडिओ पाठवायचा आहे व अपलोड १० एमबीपीएस आहे. ५०० ला ८ ने गुणले की ४,००० मेगाबिट. त्याला १० ने भागले की ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास. अपलोड १०० असेल तर तेच काम ४० सेकंदांत होईल.

१०० च्या जोडणीवर वायरने ९४-९५ आकडा आला तर तो कमी समजू नये. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर पत्त्याचे वेष्टण असते, त्यालाही जागा लागते. बारदानाचे वजन वजा करून निव्वळ माल मोजावा, तसेच हे आहे.

माप घेण्याची रीत

१. लॅपटॉप राउटरला वायरने जोडावा. वायर जुनी किंवा तुटकी असेल तर ती बदलून पाहावी.
२. त्या वेळी घरातील इतर मोबाईल, टीव्ही व इंटरनेटवर चालणारे कॅमेरे बंद ठेवावेत.
३. मोबाईलवर चाचणी करायचीच असेल तर सिमचा डेटा बंद करावा, नाहीतर सिमचेच माप निघेल.
४. सकाळी, दुपारी व रात्री नऊ-दहाच्या सुमारास, अशी आठवडाभर चाचणी करावी. रात्री वापर वाढतो, तेव्हाच खरी परीक्षा होते.
५. तारीख, वेळ, वायर की वायफाय आणि चारही आकडे वहीत लिहावेत. स्क्रीनचा फोटो जपून ठेवावा.

आता निष्कर्ष काढा. वायरवर आकडा पूर्ण व वायफायवर कमी असेल तर दोष घरातला आहे. राउटर उघड्या व मधल्या जागी ठेवावा. वायफायचे २.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचते पण संथ असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते पण भिंतींपुढे लवकर दमते. वायरवरही सतत कमी येत असेल तर योजनेतील डेटाची मर्यादा संपली आहे का, ते पाहावे. ती संपल्यावर वेग कमी केला जातो. आणि २० तारखेला केवळ जीएसटीचे संकेतस्थळ अडत असेल, बाकी सर्व सुरळीत असेल, तर गर्दी त्या दारात आहे. आपल्या जोडणीचा त्यात दोष नाही.

तक्रार कशी करावी

एवढे करूनही माप कमी भरले, तर हक्क सोडू नये. गल्लीतील केबलवाल्याशी भांडण्याऐवजी बिलावर ज्या कंपनीचे नाव आहे, तिच्या तक्रार केंद्रात नोंद करावी व डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार, तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. जाहिरातीतील ‘पर्यंत’ हा शब्दही ध्यानात ठेवावा. ‘१०० पर्यंत’ म्हणजे १०० ची हमी नव्हे. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान डाउनलोड वेग पूर्वी ५१२ केबीपीएस होता, तो जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आला.

आठवडाभराची वही समोर ठेवली की आवाज चढवण्याची गरज राहत नाही. दुकानात आपण ग्राहकाला पूर्ण माप देतो, म्हणून पूर्ण माप मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ते मागताना आपला गजही सरळ असला पाहिजे, एवढीच आमची विनंती आहे.