आधी कायदा वाचा, मग परीक्षेची फी भरा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक यंदा माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येताहेत : "सर, प्रायव्हसीचं सर्टिफिकेट करून टाकू का? पुण्यात त्यावर लगेच नोकरी लागते म्हणे." डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि दंडाची मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. जाणकारांची गरज वाढणार, हे खरंच. तरीही शिकत असताना घाईनं हे सर्टिफिकेट घेऊ नका, असंच मी सांगतो.

सगळे ज्याच्या मागे लागलेत ते 'आयएपीपी' या संस्थेचं सीआयपीपी/ई हे सर्टिफिकेट. ही परीक्षा युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यावर आहे, भारताच्या नाही. नुसती परीक्षा फी 550 डॉलर. नापास झालात की पुन्हा पैसे. अडीच तासांत 90 प्रश्न, 100 ते 500 च्या मोजपट्टीवर 300 ला पास. त्यातले बरेच प्रश्न एखादा प्रसंग देऊन विचारतात : कंपनीनं अमुक केलं, आता आधी काय करायचं? पाठांतर इथे तोकडं पडतं. इंटरनेटवरचे 'हमखास येणारे' प्रश्नसंच तर हातही लावू नका.

अभ्यास करायचाच असेल तर संस्थेचा अभ्यासक्रम आणि कोणत्या घटकावर किती प्रश्न येतात तो आराखडा फुकट मिळतो, तो आधी छापून घ्या. मग मूळ कायदा. जीडीपीआरची कलमं 99 असली, तरी 4, 5, 6, 12 ते 22, 33 आणि 34 पक्की झाल्याशिवाय सराव परीक्षेला बसू नका. शेजारी आपला कायदा उघडा ठेवा. युरोपात माहिती वापरायला सहा कायदेशीर आधार आहेत. आपल्याकडे संमती, नाहीतर कलम 7 मधले ठरावीक वापर. मुलांच्या संमतीचं वय तिथे 16, काही देशांत 13 पर्यंत खाली. आपल्याकडे सरसकट 18. असे फरक स्वतः लिहून काढलेला विद्यार्थी प्रसंगाच्या प्रश्नाला गडबडत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सरावासाठी पुणं गाठायची गरज नाही. ओळखीच्या पतसंस्थेत किंवा दवाखान्यात परवानगी घेऊन जा. त्यांचे कोरे फॉर्म मागा; सभासदांची किंवा रुग्णांची माहिती बघू नका. आधारची झेरॉक्स कशासाठी घेतात, ती कुठल्या कपाटात जाते, खातं बंद झाल्यावर तिचं काय होतं, कर्जदारांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरते का, हे विचारून तक्ता बनवा. प्रायव्हसी अधिकाऱ्याचं पहिलं काम हेच असतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांना तोटा नाही आणि हा कायदा त्यांच्यासाठीही आहे.

आणि हे काम फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं, हा समज सोडा. 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून शहाजी लॉ कॉलेजसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांच्या घरी फक्त काळ्या कोटाची चर्चा आहे. कलम वाचून त्याचा नेमका अर्थ लावायची सवय याच मुलांना असते. तरी कुणी पालक त्यांना हा रस्ता सुचवत नाहीत. मला विचाराल, तर या क्षेत्रासाठी माझी पहिली पसंती कायद्याच्या विद्यार्थ्याला आहे.

पालकहो, एक कळकळीची विनंती. भावकीतल्या कुणी तरी सर्टिफिकेट केलं म्हणून मुलीच्या नावावर परस्पर परीक्षेची तारीख घेऊ नका. तिनं आपला कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलाय का, एवढंच विचारा. कलमं फक्त 44 आहेत. ती वाचतानाच कंटाळा आला असेल, तर हे पैसे वाचवा आणि तिला दुसरं काय आवडतं ते ऐकून घ्या.