बंद डबीतली बाहुली आणि दहावी आज्ञा



आपल्या धर्मग्रामातील काही पालकांनी आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. मुलीच्या दप्तराला सशासारख्या कानांची, टोकदार दातांची केसाळ बाहुली लटकते. ती सैतानाची असल्याचा संदेश मोबाइलवर आला आहे. ती जाळून टाकावी का? बाहुलीचे नाव लाबूबू.

प्रथम सैतानाचे पाहू, कारण ते लवकर संपते. लाबूबू हे पात्र कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली आपल्या चित्रपुस्तकांसाठी निर्माण केले. त्यांचा जन्म हाँगकाँगचा, बालपण नेदरलँड्समधले. उत्तर युरोपातील लोककथांवरून त्यांना ही कल्पना सुचली. २०२५ मध्ये पसरलेल्या संदेशांनी तिचे नाते पाझूझू या प्राचीन मेसोपोटेमियातील दुष्टात्म्याशी जोडले. हा पाझूझू अनेकांना ठाऊक झाला तो १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटामुळे. नावांच्या उच्चारात थोडे साम्य आहे, एवढाच काय तो संबंध. बाहुलीत दुष्ट शक्ती वसते असे मानून भिणे हीच अंधश्रद्धा होय, आणि अंधश्रद्धा पहिल्या आज्ञेच्या विरुद्ध आहे. तेव्हा काडेपेटी जागेवर ठेवावी.

आमच्या मते विचार करायला हवा तो बाहुलीचा नव्हे, डबीचा.

पॉप मार्ट ही २०१० साली बीजिंगमध्ये सुरू झालेली कंपनी या बाहुल्या बहुधा बंद डबीत विकते. अनेक मालिकांत सहा प्रकार असतात. डबीत कोणता आहे ते पैसे दिल्यावरच कळते. शिवाय एक सातवा, ‘गुप्त’ प्रकार असतो, आणि तो ७२ डब्यांत एक या प्रमाणात निघतो. इथे वही-पेन्सिल घेऊन मुलांबरोबर बसावे. ७२ डब्या घेतल्या की गुप्त बाहुली मिळालीच, असे मुलांना वाटते. प्रत्येक डबी स्वतंत्र धरली तर ७२ डब्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३६ जण रिकाम्या हाताने परततील. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की दाणा कधी मिळेल हे अनिश्चित असले की पक्षी चोच मारण्याचे सहजी सोडत नाही. डबीची युक्ती तीच आहे.

मग हा जुगार आहे का? सरसकट तसे म्हणता येणार नाही. आपल्या सणाच्या दिवशी आपणही हाऊजी खेळतो, लकी डिपमध्ये हात घालतो. प्रेषितांनी यूदाच्या जागी मथियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली (प्रेषितांची कृत्ये १:२६). पण क्रूसाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी टाकल्या त्याही चिठ्ठ्याच होत्या (योहान १९:२४). कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद २४१३ मध्ये हीच मेख दाखवतो: नशिबाचे खेळ मुळात अन्यायाचे नाहीत, परंतु स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते अनैतिक ठरतात, आणि त्यांचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. चीनच्या सरकारनेही २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम काढून आठ वर्षांखालील मुलांना अशा डब्या विकण्यास मनाई केली आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी पालकांची संमती मागितली.

दहावी आज्ञा आणखी खोल जाते. ती हाताला नव्हे, डोळ्यांना आवरते. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गायनसमूहातील लिसाने लाबूबूसह आपली छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि मागणी उसळली. ज्या बाहुलीकडे कालपर्यंत ढुंकूनही पाहिले नव्हते ती आज हवीच, कारण ती दुसऱ्याकडे आहे! मे २०२५ मध्ये ब्रिटनमधील दुकानांत ग्राहकांची हाणामारी झाली, तेव्हा कंपनीला तिथली विक्री थांबवावी लागली. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी एक लाबूबू १०,८०,००० युआनला, म्हणजे सुमारे सव्वा कोटी रुपयांना गेली. त्याच महिन्यात कंपनीने बाजारात भरपूर माल आणला आणि पुनर्विक्रीचे भाव कोसळले. लूकच्या शुभवर्तमानातील मोठी कोठारे बांधणारा श्रीमंत शेतकरी (१२:१६-२१) इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

२०२५ च्या एका मालिकेतील सहा बाहुल्यांची नावे मात्र आम्हाला विचारात पाडून गेली: प्रेम, आशा, निष्ठा, शांती, आनंद आणि नशीब. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मुलांनी धर्मशिक्षणात पाठ केला असेल, तर यांत काय आहे आणि काय नाही ते त्यांनाच शोधू द्यावे.

आता व्यवहाराचे. मुलाला बाहुली द्यायचीच असेल तर उघडी, दिसणारी, त्याने स्वतः निवडलेली द्यावी. प्रथम कम्युनियनच्या भेटीत तरी बंद डबी नको. ज्याच्याकडे नकली बाहुली आहे त्याला वर्गात कोणी हसू नये, हे आपापल्या मुलांना सांगावे. आणि घरात तान्हे मूल असेल तर नकली बाहुली त्याच्या हाती लागू देऊ नये. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे: त्यांचे भाग सुटून लहानग्यांच्या घशात अडकू शकतात.