जायबंदी जवानांची सेवा : पात्रता कोणती?

पुण्याजवळ खडकीस, कण्यास इजा होऊन पाय लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी समाजसेवक होऊ इच्छिणाऱ्याने पदवीनंतर समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा, हे उघडच आहे. निवृत्तिवेतनाचे नियमही, कंटाळवाणे खरे, त्यास ठाऊक हवेत. परंतु आमच्या मते खरी कसोटी निराळीच आहे. ती सेवाग्रामी दिसली. १९३९ साली कुष्ठपीडित परचुरेशास्त्री तेथे आले. गांधीजींनी त्यांस आपल्या कुटीनजीक ठेविले आणि ते स्वहस्ते त्यांस मालिश करीत. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित होते. व्रण धुणारास तो पंडितही दिसावयास हवा. तद्वत् चाकांच्या खुर्चीवरील जवानास पुढे काय करावयाचे आहे, हे घरच्यांस नव्हे, प्रथम त्यालाच विचारावे.