नंबरात उभी गाडी

मुरगूड, ता. कागल

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

काल वहिनींचा फोन झाला. शेजारी बसणाऱ्या मुलीचं फंक्शन अकरा सेकंद खातंय, हे तू भर मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवलंस आणि ती दोन दिवस कामावरच आली नाही म्हणे. वहिनी कौतुकानं सांगत होत्या. मला पुढचा घास उतरेना. तिला फोन केलास का?

वेळ मोजायला डेकोरेटर लावलास म्हणे, त्याचं मला सांगू नकोस. पायथॉन २.४ मध्ये, २००४ साली, ती ॲट चिन्हाची सोय आली तेव्हापासून मी तो लावतोय. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ ठेवायची. आत जाताना घड्याळ बघायचं, बाहेर पडताना बघायचं, वजाबाकी करायची. इतकं सोपं की माणूस माजतो. पण लेका, त्या अकरा सेकंदांत तिचं कोड राबत होतं की डेटाबेसच्या दारात बसलं होतं? आपल्या आबांची उसाची गाडी आठव. रात्रभर कारखान्याच्या केनयार्डात नंबरात उभी, आणि गव्हाणीत ऊस पडायला काही मिनिटं. त्यावरून बैल मंद म्हणशील? पायथॉनच्या घड्याळांपैकी परफ काउंटर नंबरातला वेळही धरतो, प्रोसेस टाइम फक्त राबल्याचा. दोन्ही आकडे शेजारी छापले असतेस तर तोंड उघडलं नसतंस. आणि मोजलंस किती वेळा? एकदाच ना?

फोन कर तिला.

मी कोण सांगणारा, तेही ऐक. २००६ साली पुण्यात मी मित्राच्या कोडचे असेच चारचौघांत वाभाडे काढले. त्याचं फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं. बाहेरच्या फेरीच्या वेळात आतल्या फेऱ्यांचा वेळ आलेलाच असतो, आणि मी सगळ्या फेऱ्यांची बेरीज करून बसलो. चूक रात्री कळली. सकाळी बोललो नाही, नंतरही नाही. दिवाळीत त्यानं नोकरी सोडली. त्याचा डबा माझ्याकडेच राहिला; काकू त्यात शेंगदाण्याची चटणी ठेवते. कुणाचा, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

जास्त बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. तलावाच्या बांधावर पळताना माझं घड्याळ तुझ्याच हातात असायचं, आणि हरलास की म्हणायचास, काका, घड्याळच पुढं हाय. 

गुऱ्हाळं सुरू झालीत. शनिवारी ये, काकवी काढून ठेवतो. तिच्याशी बोललास की मला नुसता मिस्ड कॉल दे. कितीही वाजू देत, जागा आहे.

तुझा,
काका