जुने घर विकण्यापूर्वी नवे घर : ज्येष्ठ नागरिक आणि अल्पमुदतीचे कर्ज

पुणे-मुंबई रस्त्यावरील कासारवाडी हे एके काळचे छोटे गाव. शेजारी पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पाठोपाठ इतर कारखाने आले आणि या पट्ट्यात कामगारांची वस्ती वाढत गेली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. मार्च २०२२ पासून कासारवाडीत मेट्रोही थांबू लागली. ऐन उमेदीत येथे घरे उभारणारी पिढी आज वार्धक्याकडे झुकली आहे. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला मुलांजवळ राहावयाचे आहे. परंतु जुन्या घराला गिऱ्हाईक मिळण्यापूर्वीच नव्या घराचे पैसे भरावे लागतात. हा मधला काळ निभावून नेण्याचे मार्ग समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला मार्ग मुदत ठेवीवरील उचलीचा. ठेव न मोडता तिच्या तारणावर रक्कम मिळते आणि जेवढी उचल तेवढ्यावरच व्याज पडते. थोड्या रकमेसाठी सोनेतारण कर्जही सोयीचे असते. या दोन्हींत राहते घर गुंतत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बँकांचे ‘ब्रिज लोन’. जुन्या घराच्या विक्रीतून फेडावयाचे हे कर्ज सामान्यतः दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचे असते. अर्जदाराचे वय व उत्पन्न बँक पाहतेच. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले. एवढ्याच उत्पन्नावर कर्ज मिळणे कठीण. अशा वेळी कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करण्यास बँक सांगू शकते.

खर्चाचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, जुन्या घराचे ४० लाख येतील या भरवशावर ३० लाखांचे कर्ज वार्षिक १० टक्के दराने घेतले. दरमहा व्याज २५,००० रुपये होते. घर विकण्यास वर्ष लागले आणि ३६ लाखच आले, तर मुद्दल व ३ लाख व्याज फेडून हाती १० लाखांऐवजी ३ लाखच उरतात. म्हणून किंमत कमी धरून व कालावधी जास्त धरून हिशेब मांडावा.

राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शनाखाली २००७ पासून सुरू झालेल्या ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजनेशी या कर्जाची गल्लत करू नये. ती साठ वर्षांवरील घरमालकाने त्याच घरात राहून उत्पन्न मिळविण्यासाठी आहे. घर सोडून जाणाऱ्यासाठी नव्हे.

कर्ज घेण्यापूर्वी जुन्या घराची कागदपत्रे तपासावीत. गुंठेवारीतील बांधकाम नियमित झालेले नसेल किंवा वारसांची नोंद अपुरी असेल, तर विक्री रेंगाळते आणि व्याज मात्र थांबत नाही. गृहनिर्माण संस्थेची व मालमत्ता कराची बाकीही आधीच चुकती करावी.

आयकराच्या दृष्टीने एक मर्यादा ध्यानी ठेवावी. नवे घर आधी घेतल्यास, त्यानंतर एक वर्षाच्या आत जुने घर विकले गेले तरच भांडवली नफ्यावरील नव्या घराची सवलत मिळू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कर्जदारास काही संरक्षण दिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी सर्व आकार दर्शविणारे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

शक्य असेल तेथे आधी इसार घेऊन नोंदणीकृत साठेखत करावे आणि घराचा ताबा सोडण्यास काही महिन्यांची मुदत मागून घ्यावी. कर्जाची गरजच त्यामुळे कमी होते. आयुष्यभराच्या कमाईचे घर घाईच्या एका सहीने पणाला लागू नये, यासाठी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांनी ही माहिती आपल्या परिसरातील ज्येष्ठांपर्यंत पोचवावी.